चालता-बोलता कट्टा

रविवारची सकाळ, जंगली महाराज रोड आणि कॉलेजातली दहा-बारा मुलं. कुणाच्या हातात पांढरी काठी, कुणी व्हीलचेअरवर, कुणी हातांनी गप्पा मारणारं. या वॉकमध्ये घाम कमी गळतो, पण गप्पा मात्र पोटभर होतात!

रविवार, सकाळचे साडेसहा. पाच दिवस कीबोर्ड बडवून शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी ही वेळ म्हणजे निव्वळ अफवा असते. त्या दिवशी मात्र मी चक्क अलार्म लावून उठले, अ‍ॅक्टिव्हा काढली आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या गेटपाशी जाऊन उभी राहिले. एका मैत्रिणीने सांगितलं होतं, 'दर रविवारी तिथे एक ग्रुप भेटतो. अपंग स्टुडंट्सचा. भन्नाट आहेत सगळे. जाऊन बघ.'

बघायला गेले आणि पहिल्या पाच मिनिटांतच माती खाल्ली.

पांढरी काठी घेतलेला एक मुलगा रस्त्याच्या कडेला उभा होता. एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेला. त्याला पलीकडे जायचं असणार, असं माझं मीच ठरवलं, त्याचा दंड धरला आणि चालायला लागले. तो शांतपणे थांबला. म्हणाला, ''ताई, तुम्ही मला नेऊ नका. मला येऊ द्या.''

मग त्यानेच माझा हात सोडवला, माझ्या कोपराच्या जरा वर हलकेच धरलं आणि माझ्या अर्धं पाऊल मागे उभा राहिला. ''आता चला. तुमचा हात वर गेला की मला कळतं चढ आला, खाली गेला की उतार. बोलत राहा फक्त. आणि मला पलीकडे जायचंच नव्हतं, मी इथेच सगळ्यांची वाट बघत होतो!''

मागून खळखळून हसण्याचा आवाज आला. ग्रुपशी माझी ओळख झाली ती अशी.

एक्स्ट्रा टाइमची गँग

हसणारी होती ताई. तिला सगळे ताईच म्हणतात. ती व्हीलचेअरवर असते, पीएच.डी. करतेय आणि तिचं बोलणं म्हणजे नुसती फटकेबाजी. मी 'अहो' सुरू केलं तसं तिने तोडलंच, ''अहो-जाहो नको गं. तुझ्याच बॅचची असेन मी. आणि दोन गोष्टी आत्ताच सांगते. आमची नावं छापू नकोस आणि 'जिद्दीला सलाम' असलं हेडिंग देऊ नकोस.'' (देणार होते. खरंच देणार होते.)

हा कट्टा सुरू कसा झाला, याची गोष्ट तिच्याचकडून ऐकावी. परीक्षेत अपंग विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास जास्त. त्यासाठी बसायला वेगळी खोली. ऐकायला छान वाटतं ना? आता त्याची दुसरी बाजू बघा.

''पेपर सुटल्यावर काय होतं?'' ताईने मला विचारलं. मी म्हटलं, काय होणार, सगळे जिन्यात भेटतात, चौथ्या प्रश्नाला काय लिहिलंस म्हणून डोकं खातात, मग कँटीन, वडापाव, पिक्चरचा प्लॅन. ''बरोब्बर. आमचा पेपर सुटतो तेव्हा जिना रिकामा, कँटीनवाला भांडी घासतोय. तुमची मैत्री ज्या तासात होते ना, तो तास आम्ही पेपर लिहीत असतो.''

अशाच एका रिकाम्या दुपारी त्या वेगळ्या खोलीतून तिघं एकदम बाहेर पडली. ताई, एक दृष्टिहीन मुलगी आणि सेरेब्रल पाल्सी असलेला कॉमर्सचा मुलगा. गेटपर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं. तिघांनी मिळून लावली पस्तीस मिनिटं. ''आणि ती कॉलेजातली पहिली पस्तीस मिनिटं होती,'' ताई म्हणाली, ''जेव्हा मी कुणाला 'थांब ना माझ्यासाठी' असं म्हटलं नाही.''

त्याच्या पुढच्या रविवारी ती तिघं परत भेटली. मग चौथा आला, पाचवी आली. आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसाच्या वर मंडळी आहेत आणि रविवारी त्यातली दहा-बारा नक्की उगवतात. वर्गणी नाही, बॅनर नाही, टी-शर्ट नाही. नियम एकच, सगळ्यात हळू चालणाऱ्याने सगळ्यात पुढे राहायचं. हा मान कायम कॉमर्सवाल्या पठ्ठ्याकडे. कुबडी सावरत तो पुढे आणि अख्खी पलटण मागे. स्वतःला तो 'पेस सेटर' म्हणवतो!

आकडे काय म्हणतात?

थोडा होमवर्क मीही केला. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. तेव्हाच्या यादीत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार होते. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि ही यादी २१ प्रकारांवर गेली. थॅलसेमिया, डिस्लेक्सिया, ऑटिझम, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले, असे कितीतरी जण त्यात आले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. आधी हा आकडा ३ टक्के होता.

म्हणजे अ‍ॅडमिशनचं दार उघडलं. पण दारातून वर्गापर्यंत, वर्गातून लायब्ररीपर्यंत आणि लायब्ररीतून चहाच्या टपरीपर्यंत जायचं कसं? कायदा त्याबद्दलही बोलतो. तरी २०१७ साली आलेल्या नियमांत सुगम्यतेची मानकं सक्तीची आहेत की नुसत्या सूचना, याचाच घोळ होता. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ साली सुप्रीम कोर्टात धाव घेतली होती. त्यांच्याच खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी कोर्टाने सांगितलं की नुसत्या शिफारशींनी भागणार नाही, किमान मानकं बंधनकारक करा. मधे गेली एकोणीस वर्षं. रतुरींनी याचिका केली तेव्हा आमच्या ग्रुपमधली काही पोरं जन्मलीही नव्हती.

आणि हो, 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग'? मी घाबरत घाबरत विचारलं, तर तिथेच वादावादी पेटली. एकाला 'दिव्यांग' आवडतो, कारण गावात त्याला हाक मारायला वापरायचे तो शब्द त्याला आठवायचाही नाहीये. ताईचं म्हणणं वेगळं, ''माझ्यात दिव्य काही नाही. मला रॅम्प द्या, बाकी काहीही म्हणा.'' निकाल लागला नाही. तो दर रविवारी लागत नाही म्हणे.

फुटपाथवरची खो-खो

तर आम्ही निघालो. जंगली महाराज रोडच का? कारण गेल्या दहा वर्षांत इथला फुटपाथ नव्याने झाला आणि चांगला ऐसपैस झाला. तीन-चार जण शेजारी-शेजारी चालू शकतात, मधे बसायला बाकं आहेत. ''पुण्यात व्हीलचेअरवरून गॉसिप करता येईल असे रस्ते मोजकेच,'' इति ताई.

पण ऐसपैस फुटपाथावरही गंमत असते. कोपऱ्यावर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात ना? त्यातलं अंतर कमी पडलं तर दुचाकी कशीतरी घुसते आणि व्हीलचेअर मात्र अडकते. रॅम्पचंही तसंच. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे साधं गणित. पण बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा एक ढीग ओतून त्याला रॅम्प म्हणतात. ''तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे,'' ताई म्हणाली.

मला वाटत होतं, सगळ्यांच्या अडचणी सारख्याच असतील. छे! ताईला फुटपाथ आणि रस्ता यांच्यात जराही पायरी नको असते. पण त्याच पायरीवरून दृष्टिहीन माणसाला कळतं की फुटपाथ संपला, आता गाड्या आल्या. पायरी काढून टाकली तर त्याला तिथे पायाला कळेल अशी ठिपक्यांची फरशी हवी. आणि त्या ठिपक्यांवरून ताईची चाकं गेली की तिचे दात वाजतात! ''मग भांडता का तुम्ही?'' मी विचारलं. ''भांडतो की. पण आम्ही निदान एकमेकांना विचारून भांडतो. फुटपाथ बांधणारे कुणालाच विचारत नाहीत,'' एम. ए. मराठीवाला म्हणाला.

ग्रुपमध्ये दोघं कर्णबधिर आहेत. एक मुलगा, एक मुलगी. त्यांचं चालणं बघण्यासारखं असतं. साइन लँग्वेजमध्ये बोलायचं तर एकमेकांकडे बघावं लागतं, मग समोरचा खड्डा कोण बघणार? म्हणून बोलणारा बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या वाटेवरही नजर ठेवतो. खांब आला की हलकेच बाहीला ओढून बाजूला घेतो. दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा तर मोठाच प्रश्न. त्यावर जुगाड असा की एक जण मोबाइलवर टाइप करतो आणि दुसऱ्याचा मोबाइल ते वाचून दाखवतो. जोक पोचायला अर्धं मिनिट जास्त लागतं. हशा मात्र तेवढाच येतो, फक्त दोन हप्त्यांत!

गप्पा कसल्या? तुमच्या-आमच्याच. कोण कुणाच्या मागे आहे, मेसची भाजी किती पांचट आहे, कोणत्या सरांची नोट्सची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे, त्यामुळे स्क्रीन रीडर ती वाचतच नाही. आणि सगळ्यात मोठा विषय, 'रायटर'. परीक्षेला लेखनिक मिळवणं म्हणजे सीझनमध्ये मंगल कार्यालय मिळवण्यासारखं. स्वतः आणायचा तर तो तुमच्यापेक्षा कमी शिकलेला हवा, त्या दिवशी रिकामा हवा, अक्षर बरं हवं आणि मराठीतले जोडशब्द ऐकून लिहिता आले पाहिजेत. या ग्रुपवर आता रायटरांची एक यादी फिरते. कुणाचा रायटर ऐनवेळी आजारी पडला तर रात्री अकरा वाजता मेसेज पडतो आणि सकाळपर्यंत कुणीतरी मिळतं. आधी असं झालं की मुलं पेपरच सोडून द्यायची.

पिवळी फरशी आणि माझी अ‍ॅक्टिव्हा

संभाजी उद्यानाच्या पुढे एम. ए. मराठीवाल्याने माझं कोपर सोडलं. ''आता थोडं मी माझं चालतो.'' फुटपाथच्या मधून पिवळ्या, उंचसखल फरशांची पट्टी जात होती. त्यावर त्याची काठी टिकटिक करत सुटली. लांब रेषांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. खरं सांगते, इतकी वर्षं मला ती डिझाइन वाटायची.

या फरशीची जन्मकथा मला भारी आवडली. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ साली ती शोधून काढली. कारण? त्याच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. १९६७ साली ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली आणि तिथून जगभर पसरली. म्हणजे याच्याही मुळाशी दोस्तीच!

शंभरेक पावलं झाली असतील. काठी ठक्कन आपटली. फरशीवर मधोमध एक दुचाकी उभी होती. त्याने हाताने हँडल चाचपलं, वळसा घातला आणि परत पट्टी शोधायला लागला. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. वीस-तीस सेकंद लागले असतील. त्या वेळात तो कुठेही चुकून रस्त्यावर उतरू शकला असता. मी बोलले, ''काय लोक असतात ना!''

आणि बोलता बोलता पोटात गोळा आला. माझ्या ऑफिसखालच्या फुटपाथवर अशीच पिवळी पट्टी आहे. पार्किंग फुल असलं की मी रोज, अगदी रोज, गाडी तिथेच लावते. सावली असते म्हणून.

मी त्याला ते सांगून टाकलं. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, ''सांगितलंत ते बरं केलं. कुणी सांगत नाही. आम्हाला नेहमी गाड्याच भेटतात, गाडीवाले कधी भेटत नाहीत.''

घडीची काठी

या ग्रुपमधली एक गोष्ट मात्र मला फार लागली. बी.एस्सी.ची एक मुलगी आहे, चुणचुणीत. ती पहिल्यांदा आली व्हॉलंटिअर म्हणून. तीन रविवार दुसऱ्यांना कोपर धरू दिलं, चहा वाटला, फोटो काढले. ताईच्या लक्षात आलं की ही झाडांच्या दाट सावलीत शिरली की अडखळते आणि शेजारून कुणी हात पुढे केला तर हिला दिसत नाही.

तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी अंधारातलं दिसणं कमी होतं, मग बाजूचं. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरतं. घरच्यांनी बजावलं होतं, काठी हातात घ्यायची नाही. लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं कसं व्हायचं? त्यामुळे ती संध्याकाळी साडेसहानंतर कुठे जायचीच नाही. मैत्रिणींना वाटायचं, शिष्ट आहे. तिला प्रॅक्टिकलला उशीर झाला की पोटात धस्स व्हायचं, कारण परतीच्या वाटेवर अंधार असायचा.

''मग ताईने तुला समजावलं?'' मी विचारलं.

''नाही ना! तिने काही म्हणजे काहीच विचारलं नाही. चौथ्या रविवारी नुसतं म्हणाली, 'आज तू कुणाला कोपर देऊ नकोस. आज तू घे.' मी रडले तिथेच. बॅगेत सहा महिने घडीची काठी पडून होती. ती काढली.''

घरी सांगितलंय? तिने मान हलवली, नाही. काठी ती हॉस्टेलवर ठेवते, सुट्टीत गावी नेत नाही. ''सांगेन. पण आता लायब्ररीत आठपर्यंत बसते मी. सगळे रडकथेचा शेवट विचारतात, माझा तर अजून सेकंड इयर चालू आहे.''

मी वहीत काहीच लिहिलं नाही. नंतर रिक्षात बसून लिहिलं. (हो, अ‍ॅक्टिव्हा बालगंधर्वलाच होती. परत आणायला रिक्षाने गेले!)

दोन पायऱ्यांवरचा चहा

डेक्कनला पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. एरवी वीस मिनिटांचं अंतर. एका अमृततुल्यसमोर पलटण थांबली. आत जायला दोन पायऱ्या. ताईसाठी चौघांनी मिळून खुर्ची उचलणं सहज शक्य होतं. मी पुढेही झाले. तिने हात वर केला, ''नको. मला उचललेलं आवडत नाही. आपण सगळे बाहेर पिऊ.''

आणि सगळे बाहेर प्यायले. दुकानाचे मालक, साठीचे काका, ट्रे घेऊन स्वतः आले. म्हणाले, ''पोरांनो, दर आठवड्याला मीच खाली उतरतोय. एक फळी टाकून घेतो आता.'' ताई हसून म्हणाली, ''काका, हे तुम्ही गणपतीपासून म्हणताय.'' काका ओशाळले. मग क्रीमरोल फुकट मिळाले. फळी टाकतात का, ते पुढच्या महिन्यात बघून सांगते.

पांगताना एम. ए. मराठीवाल्याशी बोलणं झालं. पहिल्या सेमिस्टरला त्याने बॅग भरली होती, परत गावी जायला. मार्क चांगले होते, हॉस्टेल मिळालं होतं, मग का? ''दिवसभर कुणीच माझ्याशी बोलायचं नाही, ताई. मदत सगळे करायचे. रस्ता ओलांडून द्यायचे, जिना चढून द्यायचे आणि जायचे. भांडायला कुणी नव्हतं.'' मग हा ग्रुप मिळाला. आता तो दर रविवारी 'अपंग' आणि 'दिव्यांग'वर भांडतो आणि अजून पुण्यात आहे.

सोमवारी ऑफिसखाली पार्किंग फुल होतं. पिवळ्या पट्टीवर तीन दुचाक्या होत्या, चौथीची जागा रिकामी होती, वर सावलीही होती. मी गाडी मागच्या गल्लीत लावली, घामाघूम होत चालत आले, मीटिंगला सात मिनिटं उशीर झाला आणि बोलणी खाल्ली. त्या तीन दुचाक्यांपैकी एक आमच्याच टीममधल्या मुलाची आहे. त्याच्याशी लंच टाइममध्ये बोलले. ऐकेल, असं वाटतंय.

चौकट : तुम्हीही चालणार?

• आधी विचारा, 'काही मदत हवी आहे का?' उत्तर 'नको' असेल तर नको. राग मानू नका.

• दृष्टिहीन व्यक्तीचा हात, खांदा किंवा काठी ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, ती धरेल. 'तिकडे', 'इकडे' म्हणू नका, 'डावीकडे तीन पावलं' असं सांगा. निघून जाताना 'निघतो' म्हणा, नाहीतर ती हवेशी बोलत राहते.

• व्हीलचेअर हा त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजा. न विचारता ढकलू नका, तिला टेकू नका, मागे पिशव्या लटकवू नका.

• कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, तोंडापुढे हात नको. दुभाषी सोबत असला तरी बघायचं त्या व्यक्तीकडे, दुभाष्याकडे नाही.

• अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका. थांबा. रविवार आहे, घाई कसली?

• आणि गाडी पिवळ्या फरशीवर लावू नका. सावली असली तरी!